ग्रहांची ओळख करून देताना : खानदेशातील नव्या शिक्षकांसाठी

सूर्यमालेचा पाठ शाळांमध्ये बहुधा वर्षाच्या पहिल्या काही आठवड्यांत शिकवला जातो, आणि नेमके त्याच काळात खानदेशावर पावसाचे ढग असतात. त्यामुळे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील बहुतेक मुलांची ग्रहांशी पहिली भेट आकाशात न होता वर्गाच्या भिंतीवरील तक्त्यावर होते. त्या तक्त्यावर आठ रंगीत गोळे जवळजवळ सारख्या अंतरावर एका ओळीत बसवलेले असतात. मुले त्यांची नावे क्रमाने पाठ करतात, चाचणीत लिहितात, आणि संध्याकाळी पश्चिमेला लखलखणारा शुक्र डोळ्यांसमोर असला तरी तो पाठातलाच शुक्र आहे हे त्यांच्या ध्यानात येत नाही. हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. आधी एखादा ग्रह आकाशात दाखवावा, तो सरकतो हे मुलांनी स्वतः टिपून घ्यावे, मग अंतरे दोरीने मोजावीत, आणि आठही ग्रहांची माहिती त्यानंतर द्यावी. पुढील पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी : पावसाळ्यात घरची माहिती गोळा करणे

ढगाळ दिवस वाया घालवण्याचे कारण नाही. मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलून ग्रहांविषयी त्यांना काय ठाऊक आहे ते लिहून आणायला सांगावे. रब्बीत रात्रीच्या विजेवर गव्हाला, हरभऱ्याला किंवा केळीला पाणी भरायला जाणारे वडील आणि काका, पहाटे गोठ्यात उठणारी आजी, यांनी आकाश वर्षानुवर्षे पाहिलेले असते. पहाटेची ठसठशीत चांदणी कोणत्या दिशेला उगवते, ती काही महिने दिसेनाशी का होते, हे त्यांच्या बोलण्यात सहज येते. मुलांनी ही माहिती अहिराणीत, लेवा गणबोलीत, पावरीत किंवा भिलीत, जशी ऐकली तशीच आणावी आणि वर्गात त्याच बोलीत सांगावी. प्रमाण मराठीतील संज्ञा त्यानंतर फळ्यावर लिहिता येते. आरंभीच ती लादली तर ज्या मुलाला सांगण्यासारखे सर्वाधिक असते तेच गप्प बसते.

या गोळा केलेल्या माहितीत नवग्रह हमखास येतात, कारण वास्तुशांतीत मांडलेल्या नऊ सुपाऱ्या मुलांनी पाहिलेल्या असतात. रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू आणि केतू ही यादी फळ्याच्या एका बाजूला आणि बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून ही यादी दुसऱ्या बाजूला लिहावी आणि फरक मुलांकडूनच काढून घ्यावा. पहिल्या यादीतील पाच नावे दुसरीत तशीच आहेत. सूर्य हा तारा आणि चंद्र हा उपग्रह असल्याने ते दुसऱ्या यादीत नाहीत. राहू आणि केतू हे गोळे नसून चंद्राचा मार्ग सूर्याच्या आकाशातील मार्गाला ज्या दोन ठिकाणी छेदतो ते बिंदू आहेत, आणि ग्रहणे याच बिंदूंच्या आसपास होतात. पृथ्वी पहिल्या यादीत का नाही, या प्रश्नावर मात्र घाई करू नये. आपण जिच्यावर उभे राहून पाहतो तीही एक ग्रहच आहे, हा विचार मुलाला स्वतः सुचू द्यावा.

साडेसातीचा विषय निघतोच. नंदुरबार तालुक्यातील शनिमांडळ येथे शनीचे प्रसिद्ध देवस्थान आहे आणि अनेक कुटुंबे तेथे श्रद्धेने जातात. शिक्षकाने घरच्या श्रद्धेची वर्गात टिंगल करू नये आणि मुलाला घर व शाळा यांच्यामध्ये ओढाताण सोसायला लावू नये. त्याऐवजी साडेसात हा आकडा कोठून आला ते गणिताने दाखवावे. शनीला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. राशी बारा आहेत, म्हणून एका राशीतून जायला त्याला जवळजवळ अडीच वर्षे लागतात, आणि साडेसातीत मोजल्या जाणाऱ्या तीन राशी ओलांडायला साडेसात. गुरूची फेरी सुमारे बारा वर्षांची असल्याने तो एका राशीत साधारण एक वर्ष असतो. नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो तो गुरू सिंह राशीत परततो म्हणून. सहावी-सातवीतील मुले हा भागाकार स्वतः करतात. ग्रहाची गती ठरलेली आहे, ती मोजता येते, आणि ती आपल्याकडे पाहून बदलत नाही, एवढे या हिशेबातून त्यांच्यापर्यंत पोहोचते. घाबरलेल्या मुलासाठी याहून जास्त काही बोलण्याची गरज पडत नाही.

दुसरी पायरी : कोजागिरीनंतर आकाशाची वही

कोजागिरीच्या सुमारास आकाश मोकळे होते आणि दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ निरीक्षणाला उत्तम असतो. थंडीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे मुलांना रात्री उशिरापर्यंत जागावे लागत नाही. प्रत्येक मुलाने एक साधी वही करावी आणि पहिले सलग चार दिवस त्यात फक्त चंद्र काढावा. शुक्ल पक्षातील तृतीयेपासून सुरुवात करावी, रोज एकाच जागी, एकाच वेळी उभे राहावे, आणि समोरचे झाड, पाण्याची टाकी किंवा मंदिराचा कळस खूण म्हणून वहीत काढून चंद्र कोठे आहे ते दाखवावे. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ आकाशात साधारण १० अंश झाकते. मुलाचा हात लहान असला तरी मूठही लहान असते, म्हणून हे माप सर्वांना चालते. चंद्र रोज पूर्वेकडे सुमारे १३ अंश, म्हणजे मुठीहून थोडा जास्त सरकतो. आकाशातील वस्तू ताऱ्यांमधून जागा बदलते हे एकदा चंद्राने पटवले की ग्रहाचे सरकणे समजावणे सोपे जाते.

ग्रह ओळखण्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. ग्रह सहसा ताऱ्यांसारखे लुकलुकत नाहीत, त्यांचा प्रकाश स्थिर असतो. ते सूर्य आणि चंद्र ज्या पट्ट्यातून जातात त्याच पट्ट्यात दिसतात. ध्रुव ताऱ्याजवळ ग्रह कधीच नसतो. आणि चंद्र दर महिन्याला प्रत्येक ग्रहाजवळून जातो, त्यामुळे त्या दिवशी बोट दाखवून ग्रह ओळखवता येतो. कोणता ग्रह कोणत्या राशीत आहे हे घरातील पंचांगात लिहिलेले असते. मोबाइल असेल तर स्टेलेरियमसारखे ॲप वापरावे, परंतु ते शिक्षकाने आदल्या दिवशी स्वतःची तयारी म्हणून पाहावे. मुलांच्या हातात पडदा आला की डोळे आकाशाकडे जात नाहीत.

नंतर एकच ग्रह निवडावा. मंगळ संध्याकाळच्या आकाशात असेल तर त्याला पसंती द्यावी, कारण तो तांबूस असल्याने चुकत नाही आणि एरवी एका महिन्यात ताऱ्यांमधून दीड मूठभर अंतर चालून जातो. त्याच्या जवळचे दोन ठळक तारे आणि तो स्वतः, असे तीन ठिपके दर आठवड्याला वहीत काढायचे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत दोन ठिपके जागच्या जागी राहिलेले आणि तिसरा सरकलेला, हे चित्र मुलाच्या स्वतःच्या वहीत, त्याच्या स्वतःच्या पेन्सिलीने उमटलेले असते.

सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुवा, यावल, चोपडा या भागांतील आश्रमशाळांना येथे मोठी अनुकूलता आहे, कारण मुले रात्री आणि पहाटे शाळेतच असतात आणि आकाश गडद असते. मात्र बिबट्याचा वावर असलेल्या भागात निरीक्षण शाळेच्या आवारातच आणि मोठ्या माणसांच्या सोबतीने करावे, विंचू-सापासाठी पायांत बूट असावेत. दिवाळीनंतर काही मुले आई-वडिलांसोबत ऊसतोडीला जातात. त्यांनी वही सोबत न्यावी. फडावरूनही तोच मंगळ दिसतो, आणि परत आल्यावर त्यांच्या नोंदी वर्गाच्या नोंदींशी जुळवता येतात.

तिसरी पायरी : शुक्र मध्यरात्री का दिसत नाही

हा एक प्रश्न नीट सोडवला तर सूर्यमालेची रचना मुलांच्या मनात पक्की बसते, म्हणून त्यासाठी एक पूर्ण तासिका द्यावी. मैदानावर फक्कीने दोन वर्तुळे आखावीत. आतील वर्तुळाची त्रिज्या ७ पावले आणि बाहेरील वर्तुळाची १० पावले ठेवावी, कारण शुक्र आणि पृथ्वी यांच्या सूर्यापासूनच्या अंतरांचे प्रमाण जवळपास तेवढेच आहे. मध्यभागी एक मूल सूर्य म्हणून उभे करावे, आतील वर्तुळावर शुक्र, बाहेरील वर्तुळावर पृथ्वी. पृथ्वी झालेल्या मुलीने एक हात सूर्याकडे आणि दुसरा शुक्राकडे करावा. शुक्राने आपल्या वर्तुळावर हळूहळू चालावे, बाकीच्यांनी त्या दोन हातांमधला कोन पाहावा. शुक्र कोठेही गेला तरी तो कोन काटकोनाच्या निम्म्याहून फारसा मोठा होत नाही. प्रत्यक्ष आकाशातही तो सुमारे ४७ अंशांपलीकडे जात नाही. मध्यरात्री आपली पाठ सूर्याकडे असते, मग सूर्याच्या इतक्या जवळ राहणारा शुक्र त्या वेळी दिसणार कसा, हे मुलेच सांगतात.

आता पृथ्वीने जागेवरच डावीकडे सावकाश वळावे. सूर्य तिच्या उजव्या डोळ्याच्या कडेने नजरेआड होतो तो सूर्यास्त, आणि डाव्या डोळ्याच्या कडेने पुन्हा येतो तो सूर्योदय. शुक्र सूर्याच्या डावीकडे उभा असेल तर सूर्य गेल्यावरही तो काही वेळ दिसत राहतो, ही संध्याकाळची चांदणी. तो उजवीकडे असेल तर सूर्याच्या आधी दिसू लागतो, ही पहाटेची चांदणी. मधल्या काळात तो सूर्याच्या पुढे किंवा मागे येतो आणि काही काळ हरवतो. आजीने सांगितलेल्या गोष्टीचा उलगडा येथे होतो. प्रत्येक मुलाला एकदा तरी पृथ्वी होण्याची संधी द्यावी, कारण कडेला उभे राहून पाहणाऱ्याला हे कळल्यासारखे वाटते पण कळलेले नसते. शेवटी बाहेर १५ पावलांवर मंगळ उभा करावा. तो पृथ्वीच्या पाठीमागेही येऊ शकतो, म्हणून तो मध्यरात्री माथ्यावर दिसतो. बुध आत ४ पावलांवर राहतो, सूर्यापासून २८ अंशांहून दूर जात नाही, आणि त्यामुळेच तो पाहायला सर्वांत अवघड असतो.

चौथी पायरी : गावच्या रस्त्यावर सूर्यमाला

तक्त्यावरील चित्रात आकार आणि अंतर यांपैकी एकही खरे नसते. दोन्ही एकाच मापाने दाखवण्यासाठी १ मिलिमीटर म्हणजे १०,००० किलोमीटर हे प्रमाण घ्यावे. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे, म्हणून कंपासने ७ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून पुठ्ठा कापला की सूर्य तयार होतो. ग्रह स्वयंपाकघरातून मिळतात. पृथ्वी आणि शुक्र यांसाठी मोहरीचे बारीक दाणे, मंगळ आणि बुध यांसाठी खसखस, युरेनस व नेपच्यूनसाठी ज्वारीचे टपोरे दाणे, शनीसाठी मोठा काबुली हरभरा आणि गुरूसाठी छोटी गोटी घ्यावी. एकेक दाणा पांढऱ्या पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवून खाली नाव लिहावे. पृथ्वीच्या पुठ्ठ्यावर मोहरीपासून ४ सेंटिमीटरवर टाचणीच्या टोकाने एक ठिपका द्यावा, तो चंद्र. माणूस आजवर जास्तीत जास्त त्या ठिपक्यापर्यंतच गेला आहे, हे त्या वेळी सांगावे.

मग १० मीटर लांबीची, दर मीटरला गाठ असलेली सुतळी घेऊन शाळेच्या फाटकापासून सरळ रस्त्याने निघावे. सूर्य फाटकाला बांधावा. बुध ६ मीटरवर, शुक्र ११, पृथ्वी १५ आणि मंगळ २३ मीटरवर येतो. येथवर मुले उत्साहाने ओरडत असतात. गुरू थेट ७८ मीटरवर येतो आणि मधला मोकळा रस्ता चालताना आवाज आपोआप खाली येतो. शनी १४३ मीटरवर, युरेनस २८७ मीटरवर आणि नेपच्यून ४५० मीटरवर, म्हणजे बऱ्याच गावांत शाळेपासून एसटीच्या थांब्यापर्यंत. तेथे थांबून मागे पाहायला सांगावे. फाटकावरील पुठ्ठा सापडतो का, आणि पृथ्वी झालेली मोहरी कोठे आहे, हे विचारावे. उत्तराची वाट पाहावी, स्वतः बोलू नये.

परत येताना प्रकाशाचा वेग दाखवता येतो. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, आणि आपल्या मापात ते फक्त ३ सेंटिमीटर होतात. एका मुलाने फाटकापासून जमिनीवर खडू टेकवून सेकंदाला ३ सेंटिमीटर या गतीने पृथ्वीपर्यंत रेघ ओढावी, दुसऱ्याने मोठ्याने सेकंद मोजावेत. पंधरा मीटरला सुमारे ५०० सेकंद लागतात, आणि सूर्यप्रकाशाला आपल्यापर्यंत यायला लागणारी आठ मिनिटे वीस सेकंदांची वेळ तीच आहे. याच मापाने सूर्याखेरीज सर्वांत जवळचा तारा कोठे ठेवावा लागेल, असे विचारल्यावर मुले पुढचे गाव, फार तर भुसावळ किंवा मुंबई सांगतात. तो सुमारे ४,००० किलोमीटरवर ठेवावा लागेल, म्हणजे भारत ओलांडूनही पुष्कळ पलीकडे.

पाचवी पायरी : आता माहिती

आठ ग्रहांना आठ सारखे परिच्छेद देण्याचा मोह टाळावा. ज्या ग्रहाविषयी मुलांजवळ प्रश्न आहे त्यावर थांबावे. एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांचे ऊन सोसणाऱ्या जळगाव-भुसावळच्या मुलांना तापमान कळते, म्हणून त्यांना विचारावे की सर्वांत तापलेला ग्रह कोणता. सगळी मुले बुध म्हणतात. बुधावर दिवसा सुमारे ४३० अंश सेल्सिअस तापमान असते खरे, पण तेथे वातावरण नाममात्र असल्यामुळे रात्री ते उणे १८० अंशांपर्यंत उतरते. शुक्र सूर्यापासून दूर असूनही दिवसरात्र ४६५ अंशांच्या आसपास तापलेला राहतो, कारण त्याच्या दाट वातावरणाचा ९६ टक्के भाग कार्बन डायऑक्साइड आहे आणि आत आलेली उष्णता तो बाहेर जाऊ देत नाही, जशी खिडक्या लावून उन्हात उभी केलेली गाडी आतून तापत जाते.

मंगळाबरोबर मंगळयान यावे. ते ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाभोवतीच्या कक्षेत पोहोचले. मंगळ स्वतःभोवती २४ तास ३७ मिनिटांत एक फेरी घेतो, हे ऐकून मुलांना तो ग्रह एकदम आपलासा वाटतो. युरेनस १७८१ मध्ये विल्यम हर्शेल यांना दुर्बिणीतून सापडला. नेपच्यूनची जागा ल व्हेरिए यांनी आधी गणिताने काढली आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत तो त्या जागेजवळच दिसला. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळण्याचा २००६ चा निर्णय एका वाक्यात सांगून पुढे जावे. मोठी माणसे त्यावर जितका वेळ घालवतात तितका मुलांना नको असतो.

गणिताच्या तासाला प्रत्येकाने स्वतःचे वय काढावे. बुधाचे वर्ष ८८ दिवसांचे असल्याने दहा वर्षांचे मूल तेथे ४१ वर्षांचे होते, आणि गुरूवर त्याचा पहिला वाढदिवसही झालेला नसतो. ग्रहांचे गणित ही परदेशातून आलेली गोष्ट आहे, असा समज राहू देऊ नये. भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीचा ग्रहगणित हा एक स्वतंत्र भाग आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवी येथे आहे. शाळेची सहल तेथे जातच असेल तर देवीच्या दर्शनाबरोबर तो शिलालेखही मुलांना आवर्जून दाखवावा.

सहावी पायरी : दुर्बिणीची एक रात्र

शाळेकडे दुर्बीण नसली तरी चालते. १०×५० ची द्विनेत्री भिंतीवर किंवा पोत्यावर घट्ट टेकवली तर गुरूचे चार मोठे चंद्र बारीक ठिपक्यांसारखे दिसतात. गॅलिलिओने ते जानेवारी १६१० मध्ये पाहिले. मुलांनी तीन रात्री त्या ठिपक्यांच्या जागा वहीत काढल्या तर त्या रोज बदललेल्या आढळतात. शनीची कडी पाहायला किमान २५ ते ३० पट मोठे दाखवणारी दुर्बीण हवी. तालुक्याच्या महाविद्यालयाकडे किंवा परिसरातील आकाशप्रेमींकडे ती मागून पाहावी. त्या रात्री पालकांनाही बोलवावे. द्विनेत्री किंवा दुर्बीण दिवसा मुलांच्या हाती देऊ नये, कारण तिच्यातून सूर्याकडे क्षणभर पाहिले तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. हा नियम पहिल्याच दिवशी सांगून उपकरण कुलपात ठेवावे.

मूल्यमापनात नावांचा क्रम जरूर विचारावा, पण गुण त्यावर थोडेच ठेवावेत. रात्री बाराला माथ्यावर तेजस्वी ठिपका दिसला तर तो शुक्र असू शकेल का, आणि का नाही. मंगळ तारा नाही हे तुझ्या वहीवरून सिद्ध कर. मोहरीएवढ्या पृथ्वीपासून गोटीएवढा गुरू किती दूर ठेवशील. असे प्रश्न तोंडी विचारावेत आणि उत्तर बोलीभाषेत आले तरी पूर्ण गुण द्यावेत. वर्षअखेरीस वह्या मुलांना परत करण्याआधी त्यांतील शनी आणि गुरू यांच्या नोंदी तारखेसह एका जाड वहीत उतरवून घ्याव्यात. ही वही पुढच्या वर्षीच्या वर्गाकडे जावी, कारण शनी एक रास ओलांडायला अडीच वर्षे घेतो आणि त्याचे सरकणे ठळकपणे दिसायला एकाच वर्गाच्या नोंदी पुरत नाहीत.